बॅटरी काढली आणि स्मॉग अडला: जुन्या स्पोर्ट्स कारसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात सहा-सात आठवडे भारतात जायचं, गाडी गराजमध्ये लावायची आणि बॅटरी उतरू नये म्हणून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं, ही कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांची रीत आहे. परत आल्यावर टपालात डीएमव्हीचं, म्हणजे वाहन नोंदणी खात्याचं, पत्र असतं: यंदा रजिस्ट्रेशनसाठी स्मॉग (प्रदूषणाची तपासणी) हवा. गाडी ठणठणीत, धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही, आणि तरीही स्मॉगवाला ‘फेल’ लिहिलेला कागद हातात देतो. माझ्या २००१ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या बाबतीत हे दोनदा घडलं. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमात, पार्किंगमध्ये, फोनवर जे प्रश्न मला परत परत विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं बरीचशी माझ्या कॉर्व्हेटची आहेत, पण १९९६ पासूनची कुठलीही मिआटा, बॉक्स्टर, एस२००० किंवा झेड३ असली तरी मूळ गोष्ट तीच.

गाडी चांगली चालते आहे, मग फेल का?

कारण २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांचा धूर आता सायलेन्सरला नळी लावून मोजत नाहीत. मार्च २०१५ पासून कॅलिफोर्नियात या गाड्यांची तपासणी गाडीच्या कॉम्प्युटरला विचारून होते. डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीत ते आहे. त्यात यंत्र जोडलं की कॉम्प्युटर दोन गोष्टी सांगतो: काही बिघाड नोंदलेला आहे का, आणि बिघाड शोधायच्या चाचण्या त्याने पूर्ण केल्या आहेत का.

या चाचण्यांना ‘रेडीनेस मॉनिटर’ म्हणतात. धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काम करतो का, ऑक्सिजन सेन्सर वेळेत प्रतिसाद देतात का, त्यांचे हीटर तापतात का, पेट्रोलच्या टाकीची वाफ कुठून गळते का, थंड इंजिनाच्या धुरात हवा सोडणारा पंप चालतो का, असे प्रत्येकाचे वेगळे मॉनिटर असतात. गाडी चालवताना योग्य परिस्थिती जुळली की कॉम्प्युटर ती ती चाचणी स्वतःच उरकतो आणि निकाल लिहून ठेवतो. बॅटरी काढली की जुन्या गाड्यांमध्ये हे सगळं लिखाण पुसलं जातं. मग स्मॉगवाल्याने विचारल्यावर कॉम्प्युटर प्रामाणिकपणे सांगतो, ‘मी अजून तपासलेलंच नाही.’ गाडीत दोष सापडलेला नसतो, पण दोष नाही असंही कोणी पाहिलेलं नसतं. कॅलिफोर्नियाच्या नियमात हे नापास धरतात.

किती मॉनिटर अपूर्ण असले तरी चालतात?

२००० आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना फक्त एकाच मॉनिटरची सूट आहे: टाकीच्या वाफेचा, म्हणजे ‘इव्हॅप’. तो अपूर्ण चालतो, बाकी सगळे पूर्ण हवेत. १९९६ ते १९९९ च्या गाड्यांना कुठलाही एक अपूर्ण चालतो. पण त्या गाड्यांची जुन्या पद्धतीची धुराची तपासणीही होते, आणि बे एरियासारख्या भागात ती रोलरवर गाडी पळवून करतात. म्हणजे १९९९ ची आणि २००० ची कॉर्व्हेट दिसायला जुळ्या बहिणी असल्या तरी स्मॉगच्या दारात त्यांचा रस्ता वेगळा.

१९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग लागत नाही. तुमची गाडी त्याहून नवी असेल, तर पंचवीस वर्षं झाली म्हणून सूट मिळेल ही आशा सोडा. असं मानणारे मला दर वर्षी भेटतात.

न्यू जर्सीच्या मित्राला दोन अपूर्ण असताना पास केलं, ते कसं?

केंद्राच्या पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीएची, मार्गदर्शक सूचना सैल आहे: १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन, २००१ पासून पुढे एक. अनेक राज्यं तीच पाळतात. कॅलिफोर्निया तीवर चालत नाही. दुसऱ्या राज्यातल्या माणसाचा सल्ला ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

टर्मिनल परत लावलं. आता लगेच स्मॉगला नेऊ का?

नाही. माझी पहिली चूक हीच. जानेवारीत पुण्याहून परतलो, शनिवारी सकाळी टर्मिनल लावलं, गाडी सुरू झाल्याच्या आनंदात सरळ स्मॉगच्या दुकानात गेलो आणि वीस मिनिटांत नापास होऊन बाहेर आलो. पैसे गेलेच, शिवाय राज्याच्या नोंदीत ‘फेल’ लागला. त्या नोंदी संकेतस्थळावर नंबर प्लेट टाकून कोणीही पाहू शकतो, आणि उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा नेमका तिथेच बोट ठेवतो.

आधी एक स्कॅनर घ्या. फोनशी ब्लूटूथने जोडला जाणारा साधा पुरतो, फक्त त्यात ‘रेडीनेस’ किंवा ‘आय/एम’ नावाचं पान असलं पाहिजे. प्रत्येक फेरीनंतर ते पान उघडायचं. लागणारे सगळे मॉनिटर पूर्ण दिसेपर्यंत स्मॉगच्या दुकानाचं तोंड बघायचं नाही.

सी५, म्हणजे माझ्यासारखी पाचव्या पिढीची कॉर्व्हेट असणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. गाडीने नोंदलेले बिघाडाचे कोड डॅशबोर्डवरच वाचता येतात: इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करा, रीसेट दाबून आलेले संदेश घालवा, मग ऑप्शन्स दाबून धरून फ्युएल चार वेळा दाबा. कोडपुढे सी असेल तर तो चालू, एच असेल तर जुना. पण या पडद्यावर मॉनिटर दिसत नाहीत. आणि तिथे असताना रीसेट दाबून धरलं तर कोड पुसले जातात, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिथे बघायचं आणि बाहेर यायचं.

शंभर मैल चालवलं की मॉनिटर आपोआप पूर्ण होतात ना?

हा सर्वात पसरलेला गैरसमज. कॉम्प्युटर मैल मोजत नाही, परिस्थिती बघतो. पहिल्या नापासानंतर मी आठवडाभर गाडी ऑफिसला नेली. फ्रीवे ८८० वरचा सकाळ-संध्याकाळचा ट्रॅफिक, दीडशेच्या वर मैल. ऑक्सिजन सेन्सर आणि हीटर झाले, कॅटलिटिक तसाच अपूर्ण. रांगेत सरकणाऱ्या गाडीला स्थिर वेग मिळत नाही, आणि स्थिर वेगाशिवाय ती चाचणी सुरूच होत नाही.

मग नेमकं चालवायचं कसं?

प्रत्येक कंपनीची पद्धत, म्हणजे ‘ड्राइव्ह सायकल’, वेगळी असते. तुमच्या मॉडेलची शोधून काढा. जनरल मोटर्सच्या गाड्यांना मी वापरली ती अशी.

गाडी रात्रभर, निदान आठ तास, बंद असू द्या. इंजिनचं पाणी आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं असलं तरच कॉम्प्युटर त्याला ‘थंड सुरुवात’ मानतो. दुपारी तासभर थांबून पुन्हा सुरू केलेली गाडी त्यात बसत नाही. पेट्रोल पाव टाकीपेक्षा जास्त आणि पाऊण टाकीपेक्षा कमी असू द्या, टाकीचं झाकण टकटक आवाज येईपर्यंत घट्ट फिरवा, आणि हे सगळं चालू असताना पेट्रोल भरायला थांबू नका. किल्ली ऑन करून रेडिओ लावत बसू नका, सरळ इंजिन सुरू करा. नाहीतर ऑक्सिजन सेन्सरचे हीटर आधीच तापतात आणि त्यांची चाचणी हुकते.

सुरू केल्यावर एसी आणि मागच्या काचेचा हीटर लावून अडीच मिनिटं जागेवर चालू ठेवा. मग दोन्ही बंद करून अर्ध्या थ्रॉटलने ताशी ५५ मैलांवर जा आणि तीन मिनिटं तोच वेग धरा. नंतर ॲक्सिलरेटर सोडून, ब्रेकला आणि क्लचला पाय न लावता, गाडी गिअरमध्येच ठेवून ताशी २० मैलांपर्यंत उतरू द्या. पुन्हा जास्त थ्रॉटलने ५५ ते ६० वर, या वेळी पाच मिनिटं स्थिर, आणि पुन्हा तसंच उतरणं. कंपनीच्या कागदात दुसऱ्यांदा पाऊण थ्रॉटल लिहिलंय. कॉर्व्हेटसारख्या गाडीला ते रस्त्यावर शोभत नाही आणि लागतही नाही, माझं अर्ध्यावर भागलं.

शेवटी कुठेतरी सुरक्षित जागी थांबून दोन-तीन मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. काही गाड्या कॅटलिटिकची चाचणी स्थिर वेगात घेतात, काही लांब धावेनंतर थांबलेल्या अवस्थेत. दोन्ही केलं की प्रश्न उरत नाही.

एका सकाळी सगळं होईल असं धरू नका. मी पाच दिवस लागतील असं मानून चालतो.

हे कुठे करायचं? फ्रीवेवर वीसपर्यंत हळू व्हायचं म्हणजे धोकाच.

बरोबर, फ्रीवेच्या लेनमध्ये ते मुळीच करू नका. मी रविवारी पहाटे सहाला २८० वर जातो, क्युपर्टिनोहून उत्तरेला वुडसाइडच्या दिशेने. त्या वेळी उजव्या लेनमध्ये ५५ ते ६० धरून दहा मिनिटं एकसारखं जाता येतं, कोणाला अडथळा होत नाही. वेग उतरवायला चढावरचा लांब एक्झिट रॅम्प निवडतो. मागे कोणी आलं तर सोडून देतो, ब्रेक लावतो, पुढच्या एक्झिटला परत. मॉनिटर उद्याही होईल.

बरोबर कोणीतरी असू द्या. चालवताना फोनकडे बघायचं नाही. आमच्याकडे बायको शेजारी बसून स्कॅनर वाचायची. डावीकडे डोंगरावर धुकं, गाडी साठीत गुणगुणतेय, आणि ती म्हणाली, ‘अरे, कॅटलिस्टचा लाल गेला, हिरवा झाला!’ त्या दिवशी परतताना आम्ही दोघांनी तो हिरवा ठिपका किती वेळा पाहिला असेल!

सगळं नीट करूनही एक मॉनिटर पूर्ण होत नाही. काय बघू?

इथे घाई करू नका. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत खरं काम इथेच असतं.

पहिल्यांदा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान राखणारी झडप. इंजिन पुरेसं तापलं नाही तर कॉम्प्युटर बऱ्याच चाचण्या सुरूच करत नाही. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने इंजिन थंड राहावं म्हणून १६० फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट बसवला होता. मूळचा १८६ चा असतो. थंडीतल्या पहाटे फ्रीवेवर डॅशबोर्डवरचा आकडा १६५ च्या वर जायचा नाही, आणि मी मात्र आठवडाभर ड्राइव्ह सायकलला दोष देत होतो. मूळच्या मापाचा थर्मोस्टॅट बसवला, पुढच्याच रविवारी कॅटलिटिक पूर्ण. स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये हा बदल फार लोकप्रिय आहे, म्हणून जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे आधी तपासा.

दुसरं, पेट्रोलचा काटा. सी५ मध्ये दोन टाक्या असतात आणि दोन्हींत पातळी मोजणारे सेन्सर. पेट्रोलमधल्या गंधकाने त्यांच्या पट्ट्या खराब होतात आणि काटा मधूनच शून्यावर पडतो. कॉम्प्युटरला टाकी रिकामी वाटली की इव्हॅपची चाचणी होत नाही. २००० आणि पुढच्या गाडीला इव्हॅपची सूट आहे, पण १९९९ च्या गाडीत ती एकमेव सूट तुम्ही इथेच खर्च करून बसता.

तिसरं, ‘पेंडिंग’ कोड. बहुतेक बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा लागतो. पहिल्या वेळी कोड नुसता पेंडिंग राहतो. मॉनिटर पूर्ण झाला म्हणजे तो भाग पास झालाच असं नाही. स्कॅनरवर पी०४२० किंवा पी०४३० पेंडिंग दिसत असेल तर कॅटलिटिक कन्व्हर्टरकडे लक्ष द्यावं लागणार. पी०१७१ आणि पी०१७४ दिसत असतील तर कुठून तरी जास्तीची हवा आत येतेय. जुन्या गाडीची रबरी नळी तडकलेली असते, इतके दिवस कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून ती उणीव भरून काढत असतो, आणि बॅटरी काढली की ते शिकलेलं प्रमाणही विसरतो. म्हणून टर्मिनल लावल्यावर दोन दिवस गाडी जागेवर हेलकावे खाते. थोडं चालवल्यावर ते थांबलं तर ठीक. नाही थांबलं, तर दोष आधीपासून होता.

कोड आला तर पुसून लगेच टेस्ट दिली तर?

कोड पुसणं आणि बॅटरी काढणं, कॉम्प्युटरच्या दृष्टीने एकच. मॉनिटरही पुसले जातात आणि तुम्ही होतात तिथेच परत येता. २०१० आणि पुढच्या मॉडेलांना तर ‘पर्मनंट’ कोड असतात. ते स्कॅनरने जात नाहीत, बॅटरी काढूनही जात नाहीत. जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात तेही बघतात. कोड पुसल्यानंतर निदान १५ वेळा इंजिन थंड ते गरम झालं असेल आणि २०० मैल धाव झाली असेल, तर मात्र ते धरत नाहीत.

मॉनिटर खोटे दाखवणाऱ्या युक्त्या मला लोक विचारतात. मी सांगत नाही. उन्हाळ्यात सेंट्रल व्हॅलीवर साचणारी धुरकट हवा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कारण समजावून सांगावं लागणार नाही.

आधीच्या मालकाने इंजिनचं ट्यूनिंग केलंय. अडचण येईल?

येऊ शकते. १९ जुलै २०२१ पासून स्मॉगमध्ये गाडीचं सॉफ्टवेअर मूळचं किंवा मंजूर आहे का, हेही पाहतात. नाही निघालं तर मॉनिटर सगळे हिरवे असूनही फेल. हेडर, एअर इनटेक असे बाहेरचे भाग असतील तर त्यावर कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाच्या मंजुरीचा ‘ईओ’ नंबर हवा. बॉनेट उघडून बघणारा माणूस तो नंबर शोधतो. विकत घेतानाच त्या स्टिकरचे फोटो मागून घ्या.

रजिस्ट्रेशनची तारीख उद्यावर आलीय आणि मॉनिटर अपूर्ण आहेत. काय करू?

रजिस्ट्रेशनची फी तारखेच्या आत भरून टाका, म्हणजे दंड लागत नाही. स्मॉगचा कागद नंतर गेला तरी चालतो, फक्त तोवर स्टिकर येत नाही. गाडी स्मॉगमध्ये नापास झाल्याची नोंद असेल तर डीएमव्हीकडे तात्पुरत्या परवान्याची चौकशी करा, त्या मुदतीत ड्राइव्ह सायकल करता येते. पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं, त्यामुळे पुढच्या वेळी भारतात जायच्या आधीच स्मॉग करून जाता येईल का, ते तारखा जुळवून बघा. मी आता तेच करतो.

सगळे उपाय थकले. पुढे?

राज्याचा ‘स्मॉग चेक रेफरी’ असतो. खरोखर प्रयत्न करूनही मॉनिटर पूर्ण न होणाऱ्या गाड्या तो तपासतो. काही मॉडेलांच्या कॉम्प्युटरमध्येच खोट आहे, आणि ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर अशा गाड्यांची यादी ठेवतं. आधी त्या यादीत आपलं मॉडेल आहे का बघा. दुरुस्तीची बिलं आणि स्कॅनरचे तारखेसकट फोटो जपून ठेवा, रेफरीसमोर त्यांचा उपयोग होतो.

भारतात पीयूसीला हे लागतं का?

पीयूसीत सायलेन्सरमधून निघणारा वायू मोजतात, गाडीच्या कॉम्प्युटरला मॉनिटरबद्दल विचारत नाहीत. त्यामुळे पुण्यात बॅटरी बदलून लगेच पीयूसी काढणाऱ्या भावाला आपला हा सगळा त्रास खोटा वाटतो.

पुढच्या सुट्टीत बॅटरी न काढता गाडी कशी ठेवू?

बॅटरी मेंटेनर आणा. भिंतीच्या प्लगला लावायचा छोटा चार्जर, बॅटरी भरली की आपोआप थांबतो आणि गरज पडली की पुन्हा सुरू होतो. बॅटरीच्या टर्मिनलला त्याची वायर कायमची बसवून घ्या, बॉनेट उघडून नुसतं जोडायचं. गराजमध्ये प्लग नसेल तर ओळखीच्या कोणाला तरी किल्ली द्या आणि पंधरा दिवसांनी एकदा अर्धा तास चालवायला सांगा. नुसती जागेवर सुरू करून बंद करणं पुरत नाही.

बॅटरी बदलायचीच असेल तर स्मॉगच्या निदान महिनाभर आधी बदला. सी५ वाल्यांनी बॅटरी उचलली की खाली टॉर्च मारून बघायचंच. तिच्या बरोबर खाली इंजिनचा कॉम्प्युटर बसवलेला आहे, आणि गळक्या बॅटरीचं ॲसिड त्यावर आणि शेजारच्या वायरिंगवर ठिबकून अनेक गाड्या बंद पडल्या आहेत. पांढरट भुकटी दिसली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कपड्याने पुसून घ्या, कोरडं करा आणि कनेक्टर उघडून आतल्या पिना तपासा. नवी बॅटरी त्यानंतरच बसवा.